आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कलहारी वाळवंटातला सोशिएबल वीव्हर हा पक्षी कसा ओळखायचा? तो काय खातो आणि कुठे राहतो?

चिमणीएवढा, साधारण १४ सेंटीमीटरचा, फिकट तपकिरी पक्षी. हनुवटी आणि चोचीभोवती काळा डाग, चोच निळसर राखाडी आणि पाठीवर खवल्यांसारखी नक्षी असेल तर तो सोशिएबल वीव्हरच. सगळ्यात पक्की खूण म्हणजे कुशीवरची काळी पिसं, प्रत्येकाला फिकट किनार. हा आपल्या सुगरणीच्याच कुळातला असला तरी नरावर पिवळा रंग शोधू नका, कारण इथे नर-मादी सारखेच दिसतात. पिल्लांना काळा डाग नसतो.

खाणं मुख्यतः कीटकांचं, त्यातही गवत कापून नेणारी वाळवी. जोडीला गवताचं बी. थवे जमिनीवर उतरून टिपतात. पाण्याची गरज बहुतेक कीटकांतूनच भागते, म्हणून पाणवठा नसलेल्या भागातही हे पक्षी टिकतात.

नामिबिया, दक्षिण आफ्रिकेचा नॉर्दर्न केप प्रांत आणि बोट्स्वानाचा नैर्ऋत्य कोपरा हा त्यांचा मुलूख. तिथे राठ गवत आणि भक्कम झाड, दोन्ही लागतं. शंभराहून जास्त जोड्यांचं सामाईक घरटं बाभळीच्या जातीच्या कॅमलथॉर्नवर किंवा थेट विजेच्या खांबावर असतं. पावसात भिजून जड झालं की कधी कधी फांदीच मोडते.

फक्त घरट्यावरून पक्षी ठरवू नका. त्या घरट्याच्याच खोल्यांत पिग्मी फाल्कन हा छोटा ससाणाही राहतो. आकडीसारखी वाकडी चोच दिसली तर तो ससाणा.