नाशिकरोड जेलमधून सुटलेल्या, घर नसलेल्या माणसाला उभं करायचंय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पंचेचाळिशीचा एक माणूस जेलमधून सुटून आलाय, महिनाभर तुमच्या दुकानाच्या शटरसमोर झोपतोय, घरचे त्याला दारात उभं करत नाहीत आणि तुम्हाला त्याला कामाला लावायचंय. मनापासून सांगतो, कामापासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली होती.

पंचवटीत मार्केट यार्डात माझा भाजीचा गाळा आहे. चार वर्षांपूर्वी असाच एकजण आला, आम्ही त्याला आण्णा म्हणायचो. दुसऱ्याच दिवशी मी त्याला टोमॅटोचे कॅरेट उचलायला उभा केला. कामाला वाघ. तेराव्या दिवशी हजाराची उचल घेतली आणि गायब झाला. मी चिडलो, चारचौघांत नको ते बोललो. अकरा दिवसांनी तो रामकुंडाजवळ अन्नदानाच्या रांगेत दिसला. मला बघून त्याने मान खाली घातली.

झालं होतं असं: रात्री मुंबईच्या गाड्या भरून झाल्या की तो गोदाघाटावर झोपायचा. तिथे त्याची पिशवी चोरीला गेली. त्यात पैसे होते आणि जेलमधून मिळालेले सुटकेचे कागदही. तो जामिनावर होता, तारीख कधी आहे ते फक्त त्या कागदांत. तारीख चुकली. तारीख चुकली की वॉरंट, हे त्याला पाठ होतं. म्हणून तो माझ्यापासूनही लपत होता.

त्यामुळे सगळ्यात आधी त्याला एवढंच विचारा: शिक्षा भोगून सुटलास की जामिनावर? जामिनावर असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर टाकून पुढची तारीख काढा आणि दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. वकील नसेल तर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे त्याला घेऊन जा. कमाई नसलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. आण्णाचं वॉरंट अशाच एका वकीलबाईंनी अर्ज करून रद्द करून घेतलं. तो सगळा दिवस मी त्याच्याबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात बसून होतो. आत पुकारा झाला तेव्हा त्याचा हात एवढा थरथरत होता की चहाचा कप मी माझ्या हातात घेतला.

दुसरी गोष्ट, झोपायची जागा. महापालिकेची बेघर निवारा केंद्रं आहेत, तिथे आधी तुम्ही एकटे जाऊन बघून या. जागा मिळाली तर डोक्यावर छप्पर येतंच, शिवाय पत्ता मिळतो. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यावर दाखला दिला तर तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. पूर्वी आधार काढलेलं असेल तर नवीन काढायच्या फंदात पडू नका, केंद्रावर बोटांचे ठसे देऊन जुनंच शोधता येतं. आधार हातात आलं की जनधन खातं उघडा, त्यात शिल्लक ठेवावी लागत नाही. एका बँकेत आम्हाला तीन वेळा परत पाठवलं, चौथ्यांदा मी सोबत गेलो आणि अर्ध्या तासात खातं झालं. तेव्हा एकट्याला पाठवू नका. आणि कागद मिळतील तसे झेरॉक्स काढून एक संच तुमच्याकडे ठेवा.

महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात परिविक्षा अधिकारी असतात. सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडे येतं, त्यांनाही भेटा. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर जिल्हा रुग्णालयात थुंकी तपासून घ्या. जेलच्या गर्दीत टीबी लागतो. औषधं फुकट आहेत.

गुन्हा काय होता, हे विचारावं का? मी तरी गाळ्याची किल्ली हातात देण्याआधी कागदावरचं कलम बघितलं, आणि ते त्याला सांगूनच बघितलं. घरात बायकामुलं असताना एवढा अधिकार तुम्हाला आहे. पण पुढचं काही खोदून विचारलं नाही. सहा महिन्यांनी एका रात्री गोण्यांवर बसल्या बसल्या त्यानेच सगळं सांगितलं.

आणि मग काम. पहिले दोन आठवडे दिवसाला चार तास, ठरलेल्या वेळेला, रोजची मजुरी रोज. आत जेलमध्ये कैदी मोजायच्या गिनतीला उठायचं, गिनतीला बसायचं. बाहेर आल्यावर दिवस केवढा मोठा असतो हे त्या माणसालाच माहीत. आण्णाला सकाळी साडेसहाला गाळ्यावर बोलवायचो, काम असो नसो. चहा, पोहे, झाडलोट. कधी उशीर झाला की मी फोन करायचो, रागवायला नाही, "येताय ना?" एवढंच विचारायला. दारू दोनदा झाली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बोलवलं. तिसऱ्यांदा झाली असती तर काय केलं असतं, खरंच माहीत नाही.

घरच्यांकडे लगेच नेऊ नका. आण्णाने बहिणीला पहिला फोन केला तो सुटल्यानंतर सव्वा वर्षाने, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या मोबाइलवरून. ती काही बोलली नाही, पण फोन ठेवलाही नाही.

तुमचा माणूस आज रात्री शटरसमोर आला की त्याचं नाव विचारा, आणि कागद कुठे ठेवलेत तेही.