ब्रिटनमध्ये जुनी माझदा एमएक्स-5 (1998–2005) घ्यायची आहे. योग्य किंमत कशी ओळखावी?

मैल किती झालेत त्यापेक्षा गंज किती आहे ते बघून किंमत ठरवा. हिचं इंजिन दणकट आहे, पण दाराखालचे सिल (दारांखालून जाणारे पत्र्याचे पोकळ पट्टे) आणि पुढच्या चॅसी रेल (सांगाड्याचे पोकळ दांडे) आतून सडतात. वेल्डिंगचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीलाच जाऊन भिडतो. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे तिथल्या सक्तीच्या वार्षिक वाहन तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो. गंजाचा शेरा दरवर्षी वाढत गेला असेल, तर तेवढे पैसे वजा करूनच बोलणी करा. तुलनाही जाहिरातीतल्या आकड्यांशी नको, लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या गाड्यांशी करा. मात्र एमओटीत काही उघडून तपासत नाहीत, त्यामुळे शेरा नसला तरी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघाच.