लाकूडफाटा गाडून वाफा करायचा असेल तर माणदेशात ढीग नको, चर खणा

तुम्ही विचारलंय की वडूजला घरामागं मोकळी जागा आहे, चिंचेच्या तोडलेल्या फांद्या आणि पालापाचोळा पडून आहे. व्हिडिओत दाखवतात तसा लाकडं रचून, वर माती ओढून उंच वाफा केला तर भाजी येईल का, आणि वाळवी लागेल का?

भाजी येईल, पण उंच करू नका. ही पद्धत मूळची जर्मन भाषिक मुलखातली, तिचं नाव 'ह्यूगलकल्चर'. 'ह्यूगल' म्हणजे टेकाड. ऑस्ट्रियाच्या आल्प्समधले शेतकरी झेप होल्झर यांच्यामुळं ती जगभर पोचली. तिथं थंडी आणि ओल भरपूर, त्यामुळं उंच वाफा लवकर तापतो, पाणी निचरतं, ते त्यांच्या सोयीचं. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हानं आणि वाऱ्यानं तोच ढीग चहूबाजूंनी वाळतो. आतलं लाकूड एकदा कोरडं पडलं की वरून घातलेलं पाणी बाजूनं पळून जातं.

मी तासगाव तालुक्यातला, आमचंही पाऊसमान बेताचंच. पहिला वाफा मी ढिगाचाच केला होता. ताजी बाभळ, निलगिरी, वर कच्चं शेण आणि चार बोटं माती. मेथी टाकली, वीतभर व्हायच्या आत खालची पानं पिवळी पडली. कारण नंतर कळलं. लाकडात कर्ब फार, नत्र नावापुरतं. ते कुजवणारे जिवाणू आणि बुरशी लागणारं नत्र मातीतून ओढतात, पिकाला उरत नाही. त्यात कच्च्या शेणातून हुमणी आली, तिनं वांग्याची मुळं कुरतडली. त्या वर्षी वाफ्यातून खायला काहीच मिळालं नाही, फार वाईट वाटलं होतं.

आता मी करतो ते असं. चार फूट रुंद (दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचला पाहिजे), लांबी जागेप्रमाणं, दीड ते दोन फूट खोल चर. वरची चांगली माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. तळाला ओंडके, शक्यतो जुने, अर्धवट कुजलेले. तुमची चिंच टणक, ती बरीच वर्षं टिकेल, म्हणून तिचे जाड तुकडे अगदी खाली घाला. आंबा, उंबर, शेवरी असं मऊ लाकूड मिळालं तर फारच चांगलं. सागाचं, रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूड नको. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), पांगारा, शेवग्याच्या ओल्या फांद्या आधी पूर्ण वाळवा, नाहीतर गाडलेल्या जागी फुटवा येतो.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फटी बुजवणं, आणि नेमका त्याचाच लोक कंटाळा करतात. ओंडक्यांच्या मधे माती आणि पातळ शेणकाला ओतत जा, पहारीनं ठोसत जा. पोकळी राहिली की मुळं तिथं वाळतात, उंदीर शिरतात, उंदरांमागून साप. मग काटक्या (आमच्याकडं द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या मिळतात), त्यावर पाचट, मग गिरिपुष्पाचा हिरवा पाला, मग पूर्ण कुजलेलं शेणखत. प्रत्येक थर भिजवूनच पुढचा. शेवटी बाजूला काढलेली माती आठ इंच, वर पुन्हा पाचटाचं आच्छादन. कराड, वाळव्याकडं ऊस तुटला की पाचट पेटवतात, ते बघून जीव तुटतो. कुणी ओळखीचं असेल तर आधीच सांगून ठेवा, ट्रॉलीभर मिळेल.

मेमध्ये भरून ठेवा, वळवाचं आणि मृगाचं पाणी आत मुरू दे. पहिल्या वर्षी मेथी, पालक नको. चवळी, घेवडा लावा, ते हवेतलं नत्र घेतात. कडेनं दुधी किंवा काकडी, तिला अधूनमधून शेणकाला द्या. वाफा वर्षभरात खचेल, त्यात चुकलं काही नाही, वरून खत-माती घाला.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी एक कोपरा उकरून पाहिला. आंब्याच्या ओंडक्यात बोट रुतलं, पांढरी बुरशी दोऱ्यासारखी पसरलेली, आणि मूठभर लाकूड पिळलं तर पाणी ठिबकलं. वरून चार दिवस पाणी दिलं नव्हतं. 'प्रयोग परिवारा'तून शेतीचे प्रयोग करणारे श्री. अ. दाभोलकर पालापाचोळ्यातून माती घडवायला सांगत, त्याचा अर्थ मला त्या दिवशी हाताला कळला.

वाळवी येणारच, ती कोरड्या लाकडावर जास्त असते. वाफा ओला ठेवा आणि घराच्या भिंतीपासून निदान सात-आठ फूट लांब घ्या.

खणण्याआधी एक करा. त्याच जागी दोन फुटांचा खड्डा घेऊन पाण्यानं भरा. मुरमाड जमिनीत ते सकाळपर्यंत जिरेल, मग बिनधास्त चर घ्या. काळी जमीन निघाली आणि पाणी तसंच उभं राहिलं, तर फूटभरच खोल जा आणि उरलेलं वर घ्या, नाहीतर लाकूड कुजण्याऐवजी आत सडून वास मारेल.