कोणती मागणी कुणाकडे न्यायची

चि. मुलीस,
अ. उ. आशीर्वाद.

संशोधनाला पुरेसा निधी मिळावा म्हणून तू लिहिलेल्या निवेदनाचा मसुदा वाचला. तळमळ आहे, भाषाही स्वच्छ आहे. पण तो जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन, फोटो काढून तुम्ही परतलात, तर तो कुठल्या तरी फायलीला लागेल आणि तिथेच राहील. संशोधनाला किती पैसे द्यायचे हे जिल्हाधिकारी ठरवत नाहीत. कोणती मागणी कुणाच्या अखत्यारीतली आहे, ते आधी शोध. मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

‘जीडीपीच्या ३ टक्के रक्कम विज्ञानाला द्या’ अशी तू सुरुवात केलीस. मागणी रास्त आहे. ९ ऑगस्ट २०१७ रोजी देशातल्या अनेक शहरांत शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी हीच मागणी घेऊन रस्त्यावर उतरले होते. २०१३ च्या विज्ञान धोरणात सरकारनेच २ टक्क्यांचं उद्दिष्ट लिहिलं होतं, आणि २०२०-२१ मध्ये प्रत्यक्षात आपण ०.६४ टक्क्यावर होतो. हे सगळं राहू दे, पण दुसऱ्या पानावर. या टक्क्यांत खासगी उद्योगांचा खर्चही मोजतात, त्यामुळे आकडा घसरला तरी जाब कुणाला विचारायचा हे ठरत नाही. लोकप्रतिनिधी मान डोलावतात, ‘वर कळवतो’ म्हणतात आणि आपण चहा पिऊन बाहेर पडतो.

पहिल्या पानावर सांगलीजवळचं कसबे डिग्रज असू दे. तुझ्या कॉलेजपासून तासाभराच्या आत असलेल्या तिथल्या कृषी संशोधन केंद्रातून फुले संगम, फुले किमया हे सोयाबीनचे वाण आले. हळदीवरही तिथे काम चालतं. कृष्णाकाठच्या दमट हवेत तांबेरा हा रोग सोयाबीनची पानं करपवून टाकतो, म्हणून त्याला तोंड देणारे वाण इथे हवेच होते. असा वाण तयार कसा होतो, ते एकदा तिथे जाऊन पाहा. आधी दोन वाणांचा संकर, मग पिढ्यांमागून पिढ्या निवड, मग निरनिराळ्या ठिकाणी चाचण्या. शेतकऱ्याच्या हातात बी पडेपर्यंत दहा-एक वर्षं सहज जातात. मध्येच पैदासकाराचं, म्हणजे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाचं, पद रिकामं राहिलं किंवा पेरणीच्या तोंडावर निधी अडकला, तर पाऊस थांबून राहत नाही. तो हंगाम गेला तो गेलाच.

हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, म्हणजे हा विषय राज्याचा. तो आमदारांकडे न्यायचा. मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत निधी कोणत्या महिन्यात हातात पडला, एवढंच माहिती अधिकारात विचार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ते उत्तर हाती आलं की अकरा मागण्यांचा मसुदा बाजूला ठेव आणि एकच मागणी लिही.

आणि त्याखाली सह्या शेतकऱ्यांच्या घे. संशोधकांच्या मागे लागू नकोस. ते सरकारी सेवेत आहेत, त्यांना वर्तणुकीचे नियम आहेत, तुझ्या उत्साहापायी त्यांची अडचण व्हायला नको. ज्याच्या शेतात तो वाण उभा आहे त्याने ‘हे केंद्र नीट चाललं पाहिजे’ म्हटलं, की आमदाराला ऐकावं लागतं. आपल्याकडे संशोधनाची बाजू संशोधकच मांडत आले, आणि ज्यांनी त्याचं फळ घेतलं ते गप्प राहिले. याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या मसुद्यातला कराडच्या भूकंप-संशोधनाचा मुद्दा मात्र केंद्र सरकारचा. ती प्रयोगशाळा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची, तेव्हा साताऱ्याच्या खासदारांकडे जा आणि कराडची मुलं सोबत घे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप लोक विसरलेले नाहीत. कोयना परिसरातल्या गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडून तिथल्या खडकाचा अभ्यास झाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. तू लिहिलंस, ‘यामुळे भूकंपाचं भाकीत करता येईल.’ ते वाक्य काढून टाक. धरणाच्या पाण्याचा आणि जमिनीखालच्या हालचालींचा संबंध समजून घेणं हे तिथलं काम आहे, आणि पैसे मागायला तेवढं कारण पुरेसं आहे. न झेपणारं आश्वासन दिलंस, तर पुढच्या वेळी तुझ्या खऱ्या मुद्द्यावरही विश्वास बसणार नाही.

कुणीतरी नक्की म्हणेल, ‘किर्लोस्करांनी कुठे सरकारकडे हात पसरले होते?’ त्याला किर्लोस्करवाडीची हकिगत सांग. बेळगावात जागा सोडावी लागल्यावर १९१० साली लक्ष्मणरावांना जमीन दिली ती औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. निवडुंगाच्या त्या माळावर नांगराचा कारखाना उभा राहिला त्यात लक्ष्मणरावांची हिंमत होती, आणि राज्यकर्त्याचा पाठिंबाही होता.

केंद्र सरकारच्या पैशाबद्दल बोलायचं तर अर्थसंकल्पाची कागदपत्रं उघड. त्यात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात. बातमी पहिल्याची होते. तू बाकीचे दोन वाच. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं, पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये म्हणून जाहीर झालं. त्यातला मोठा वाटा सरकारी तिजोरीबाहेरून येईल असं धरलं होतं. तो प्रत्यक्षात किती आला, हा प्रश्न नीट लिहून खासदारांच्या हातात दे. अतारांकित प्रश्नाला संसदेत लेखी उत्तर मिळतं. कामात बुडालेल्या खासदाराला तयार प्रश्न हवाच असतो.

वेळही सांभाळ. दिल्लीत पुढच्या वर्षाच्या आकड्यांची जुळवाजुळव ऑक्टोबरपासून सुरू होते. १ फेब्रुवारीचं भाषण ऐकून मोर्चा काढलास तर फार उशीर झालेला असेल. सत्तेतल्यांना भेट, विरोधकांनाही भेट, पण कुणाच्या व्यासपीठावर चढू नकोस.

नवा मसुदा दसऱ्यापर्यंत पाठव, मी वाचून लगेच उत्तर देईन. निवेदन देशील तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. महिन्याभराने तोच क्रमांक घेऊन पुन्हा जा, आणि या वेळी दोन शेतकरी बरोबर असू देत.

तुझे
सर