वाचकांचे प्रश्न : विडी कामगारांच्या वस्तीत वाणिज्यचे विद्यार्थी

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती राष्ट्रीय सेवा योजनेत आहेच. आता अभ्यासक्रमातही दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) समुदाय सहभाग प्रकल्प आला आहे. तिच्या गटाला विडी कामगारांच्या वस्तीतून पन्नास प्रश्नावल्या भरून आणायच्या आहेत. सेवा योजना असताना हा वेगळा खटाटोप कशासाठी, आणि वाणिज्यच्या मुलीने त्यातून काय शिकायचे?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : दोन्हींचा हेतू निराळा आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. त्यात वर्षाला १२० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते, मात्र त्या कामाचा विद्यार्थ्याच्या विषयाशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. वाणिज्यचा विद्यार्थी झाडे लावतो, रक्तदान शिबिरात राबतो, आणि ते योग्यच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमात आलेल्या समुदाय सहभागात मात्र वर्गात शिकलेले वस्तीत वापरून पाहणे आणि तिथे जे दिसले ते वर्गात परत आणून तपासणे अपेक्षित आहे. एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरले, तर साठ तासांत केवळ पन्नास कागद भरून आणणे हा, स्पष्टच सांगायचे तर, आळशीपणाने आखलेला प्रकल्प म्हणावा लागेल.

त्यातही एक गोष्ट नजरेआड होते. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. मांडीवर सूप घेऊन पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे आणि दोरा बांधणे हे दिवसभर चाललेले असते, आणि ठरलेल्या वेळी माल कारखान्यात पोहोचवावा लागतो. तिच्यासमोर अर्धा तास प्रश्नावली धरली की तेवढ्या विड्या कमी होतात. म्हणजे प्रकल्पाचा खर्च महाविद्यालयाऐवजी तीच सोसते. म्हणून माल देऊन ती परतल्यावर, तिला सोयीच्या वेळी जावे आणि आधी तिची अडचण विचारावी. सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. गटात तेलुगू येणारी एखादी मुलगी असेल, आणि सोलापूरच्या वर्गात ती बहुधा असतेच, तर बोलण्याची सुरुवात तिने करावी.

आता वाणिज्यचा प्रश्न. घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामगार मानले. पण भविष्यनिर्वाह निधी प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत कागदांची वाट लांब असते. लग्नानंतर बदललेले आडनाव, आधारवर एक स्पेलिंग आणि निधीच्या नोंदीत दुसरे, एवढ्या कारणानेही अर्ज अडतो. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र शासनाची शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. आपल्या मुलीच्या गटाने दहाच कुटुंबांची पासबुके, मजुरीच्या नोंदी आणि नावांतील तफावती त्यांच्या संमतीने नीट तपासून अर्ज मार्गी लावले, तर वेतन-कपात, मालकाचा हिस्सा आणि व्याज हे धडे पुस्तकापेक्षा चांगले समजतील. आधार क्रमांकांचे फोटो मात्र मुलींनी स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नयेत. हा बदल मार्गदर्शक प्राध्यापकांना आताच सुचवावा. प्रश्नावल्या छापून झाल्यावर कोणी ऐकत नाही.

प्रश्न : आम्ही दर आषाढीला पंढरपुरात स्वच्छता करतो. तेच काम प्रकल्प म्हणून दाखवता येईल का? मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आहे.
— एक विद्यार्थी, पंढरपूर

उत्तर : जसेच्या तसे नाही, ती स्वयंसेवा आहे आणि तिची नोंद सेवा योजनेच्या तासांत व्हावी. आपल्या विषयाला शोभेल असे काम वारीत आहेच. वारकऱ्यांना मिळणाऱ्या टँकरच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट (शुद्धीकरणानंतर उरलेले) क्लोरीन असावे लागते, आणि गावोगावी आरोग्य कर्मचारी करतात ती ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणी, म्हणजे पाण्यात या रसायनाचे थेंब टाकून रंग पाहणे, मिनिटभरात होते. पाणी पिवळे झाले नाही तर क्लोरीन नाही असे समजावे. आरोग्य विभागाची परवानगी घेऊन ठरावीक ठिकाणच्या नोंदी वेळेसह ठेवाव्यात, काही नमुने प्रयोगशाळेत तपासावेत आणि क्लोरीन कुठे व का घटते ते मांडावे. ज्या टँकरचे पाणी पिवळे होणार नाही, त्याची माहिती मात्र तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याला लगेच द्यावी, कारण आपला अहवाल तयार होईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असेल.