देवदास: पुस्तकातला आणि पडद्यावरचा

प्रश्न: शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ‘देवदास’ कादंबरी वाचली, मग २००२चा भन्साळींचा चित्रपट पाहिला. कथा तीच, तरी तो इतका भडक का वाटतो?

उत्तर: शेवटच नीट ताडून पाहा. १९१७च्या कादंबरीत देवदास त्याची बालमैत्रीण पारो हिच्या सासरच्या दाराशी मरतो तेव्हा तिला पत्ताही नसतो. बेवारस प्रेतासारखी त्याची विल्हेवाट लागते आणि मग तिला कळतं. तोवर सगळं संपलेलं असतं. चित्रपटात तो जिवंत असतानाच ती धावत सुटते आणि फाटक बंद होत जातं. ‘पोचेल का?’ ही आशा जागवून मोडली की हुंदका हमखास येतो. मेलोड्रामाचं, म्हणजे भावना मुद्दाम भडकवण्याचं, खरं यंत्र हे, पार्श्वसंगीत नंतरचं.

वास्तवापासून पळ काढण्याचा भाग सजावटीत आहे. पुस्तकात देवदास पारोला मासे धरायच्या गळाच्या काठीने मारतो, इथे मोत्यांच्या हाराने. मारसुद्धा देखणा होतो, आणि हे आम्हाला खटकतं. पारो आणि देवदासवर जीव लावणारी गणिका चंद्रमुखी कादंबरीत भेटतच नाहीत. भन्साळी त्यांना एकत्र नाचवतात. बिमल रॉय यांनी १९५५च्या आपल्या ‘देवदास’ चित्रपटात दोघींना वाटेवर नुसतं समोरासमोर आणलं, एक शब्दही न बोलता. तो प्रसंग जरूर पाहा.