अमेरिकेला निघण्याआधी म्युच्युअल फंड आणि बाबांसोबतचं खातं

एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीला निघालोय, बायको आणि सात वर्षांची मुलगी सोबत. पुण्यातल्या एसआयपी, पीपीएफ आणि बाबांसोबतचं जॉइंट खातं तसंच ठेवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, विमा, घरभाडं यांची माहिती सरकारी साइटवर मिळेल, त्यात मी शिरत नाही. पण हा प्रश्न वाचून मला गप्प बसवेना.

म्युच्युअल फंड निघण्याआधी विकून टाका. सगळे. अमेरिकेच्या करकायद्यात भारतातला फंड 'पीएफआयसी', म्हणजे नुसत्या गुंतवणुकीवर कमावणारी परदेशी कंपनी ठरतो. परदेशी फंडात पैसे ठेवून कर लांबवणाऱ्यांना चाप लावायला १९८६ साली ही तरतूद आली, आणि तिच्यात आपली महिन्याला पाच हजारांची एसआयपीही अडकते. वेगळा पर्याय वेळेत निवडला नसेल तर विकताना झालेला नफा फंड ठेवलेल्या सगळ्या वर्षांवर पसरतात, मागच्या वर्षांच्या वाट्याला त्या त्या वर्षीचा सर्वांत चढा दर लावतात आणि वर व्याज घेतात. शिवाय प्रत्येक फंडासाठी त्याची माहिती देणारा फॉर्म ८६२१ वेगळा भरायचा. अमेरिकेचे करनिवासी, म्हणजे करासाठी तिथले रहिवासी, होण्याआधी विकलेत तर फक्त भारतातला कर भरायचा: वर्षाहून जुन्या इक्विटी फंडाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हे एवढंच.

पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, एनआरआय म्हणून पुढे वाढवता येत नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं, करून घ्या. परदेशातली कमाई ठेवायच्या एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत दाखवावं लागतं.

मुलीच्या शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. नाव घालताना एक फॉर्म येतो: घरी कोणती भाषा बोलता? आम्ही खरं ते लिहिलं, मराठी. त्यावरून आमच्या मुलीची इंग्रजीची चाचणी झाली. अनोळखी बाईंसमोर ती गप्प राहिली आणि तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात घातलं. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली, गोष्टींची पुस्तकं एका बैठकीत संपवणारी मुलगी! वर्गात गोष्ट वाचायची वेळ झाली की हिला बाहेर नेत. वर्षभर हे चाललं. तिला आता फारसं आठवत नाही म्हणते, माझा राग मात्र गेलेला नाही. तुम्हीही खरंच लिहा, पण चाचणी कधी आहे ते आधी विचारा, आणि निकाल पटला नाही तर फेरचाचणीची मागणी लेखी द्या.

एकटेपणा येतो. न्यू जर्सीत मराठी माणसं भरपूर आहेत, मंडळाच्या गणपतीला जा.

आता जॉइंट खातं. भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एका दिवसासाठी जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो. त्यात कर नसतो, नुसती माहिती. पण बाबांसोबतचं खातं त्यात येतं, पैसा सगळा त्यांचा असला तरी. वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक काढायची आणि अमेरिकी ट्रेझरीच्या ३१ डिसेंबरच्या दराने डॉलरमध्ये मांडायची.

त्यासाठी दर मार्चमध्ये मी बाबांकडून पासबुकाचे फोटो मागवतो. एका वर्षी त्यात एफडी मोडल्याची नोंद दिसली, आणि तिच्याखाली हॉस्पिटलच्या नावाने मोठी रक्कम. आईचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. फोन केला तर बाबा म्हणाले, "तू तिकडून काय करणार होतास?" त्यांना काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही.

सीए सांगेल, खात्यातून नाव काढा, नॉमिनी म्हणून राहा, फॉर्म हलका होईल. नियमाने ते बरोबरच आहे. मी काढलेलं नाही. घरात काय चाललंय ते मला त्या पासबुकातूनच कळतं. तुमचं तुम्ही ठरवा, पण निघण्याआधी बाबांना घेऊन बँकेत जा आणि त्यांच्याशी बोलूनच ठरवा.